माळावर खड्डे खोदण्याआधी

जुलै उजाडला की सोलापूर, अहिल्यानगर, सांगलीचा दुष्काळी पट्टा आणि पुणे जिल्ह्यातले पूर्वेकडचे तालुके इथल्या माळांवर गाड्यांची वर्दळ सुरू होते. खड्डे उन्हाळ्यातच जेसीबीने घेऊन ठेवलेले असतात. ट्रकमधून रोपं उतरतात, शाळेतली मुलं रांगेत उभी राहतात, हार-तुरे होतात, फोटो निघतात. या कामात कुणाचाही हेतू वाईट नसतो. रोप लावणाऱ्या मुलाला, त्याच्या शिक्षकाला आणि उन्हातान्हात राबणाऱ्या वनरक्षकाला आपण चांगलं काम करतोय असंच मनापासून वाटत असतं. तरीही मी ठामपणे म्हणेन की महाराष्ट्राच्या कमी पावसाच्या प्रदेशातल्या माळांवरची ही सरसकट वृक्षलागवड थांबली पाहिजे. निसर्गाचं नुकसान कुऱ्हाडीने होतं हे आपल्याला कळतं. ते खड्डा खोदून आणि रोप लावूनही होतं, हे मान्य करायला आपण अजून तयार नाही.

सोलापूरच्या बाजूला वर्षाला जेमतेम ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मोजक्या दिवसांत. माळावर माती असते वीतभर, कुठे तेवढीही नाही. खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. अशा जागी दाट जंगल नसणं हे कुणी केलेल्या नासाडीचं लक्षण नव्हे. इथे जे टिकू शकतं तेच टिकलेलं आहे: गवत, आणि त्यात दूरदूर उभी असलेली बोर, बाभूळ, हिवर, एखादा पळस.

माळ काय चीज आहे हे बघायचं तर पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात, गुडघे टेकून बघावं. पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी अशी गवतं हातभर अंतरात एकमेकांत मिसळून उभी असतात. कुसळीचं बी तर निरखून पाहण्यासारखं. टोकाला अणकुचीदार, मागे लांब पीळदार कुसळ. हवेतला ओलावा वाढला की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा आवळतो, आणि असं फिरत फिरत ते बी स्वतःच जमिनीत शिरतं. मेंढीच्या लोकरीत, माणसाच्या धोतरात किंवा पायमोज्यात घुसून दूरवर जातं ते वेगळंच. वर दिसणारं गवत उन्हाळ्यात वाळून जातं, पण ठोंब जिवंत असतो आणि त्याच्या मुळांचं दाट जाळं वीतभर मातीला धरून ठेवतं. पहिल्या वळवाच्या पाण्याबरोबर ती माती ओढ्यात जात नाही, याचं कारण हे जाळं आहे. हवेतला कार्बन धरून ठेवण्याचं कामही इथे जमिनीखाली चालतं. झाडाच्या खोडात साठलेला कार्बन वणव्यात किंवा तोडीनंतर हवेत परत जाऊ शकतो. मुळांत आणि मातीत मुरलेला सहजी जात नाही, जोवर ती माती कुणी उकरत नाही.

आणि आपण नेमकी तीच उकरतो. आधी उताराला आडवे खणलेले सलग समतल चर, मग खड्डे, मग रोपं ओळीने. जेसीबीचं बकेट एकदा फिरलं की शेकडो वर्षांत बसलेली गवताची वीण उसवते आणि तिथे मुरूम वर येतो. त्यावर आधी उगवतं ते तण. जुन्या कुरणातली गवतं आणि त्यांच्यासोबतच्या कंदवर्गीय वनस्पती परत यायला कित्येक दशकं लागतात, काही तर येतच नाहीत. लावलेल्या रोपांपैकी बरीचशी एप्रिलपर्यंत वाळून जातात, टँकरने पाणी घातलं तरीही. जी हमखास जगतात ती असतात गिरिपुष्पासारखी. ही जात मध्य अमेरिकेतून आलेली. भराभर वाढते, जनावरं तिला सहसा तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाचा खर्च वाचतो, आणि कागदावर लागवड यशस्वी ठरते. तिच्या दाट सावलीत आपलं गवत मात्र उठत नाही.

राज्यात २०१६ साली दोन कोटी रोपांपासून मोहीम सुरू झाली. पुढच्या वर्षी चार कोटी, मग १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी असे आकडे जाहीर झाले. पुढे त्यावर विधिमंडळात वाद झाला, चौकशीची मागणी झाली. पण तो सगळा वाद किती रोपं जगली आणि पैसा कुठे गेला याभोवतीच फिरला. जिथे लावली तिथे ती लावायला हवी होती का, हे फारसं कुणी विचारलं नाही. मला तर वाटतं, माळावर लावलेलं रोप मेलं तर नुकसान खड्ड्यापुरतं राहतं. जगलं तर नुकसान वर्षानुवर्षं वाढत जातं.

हे असं का होतं? उत्तर सरकारी मोजणीत आहे. देशाच्या वन सर्वेक्षणात एक हेक्टर जागेवर झाडांच्या शेंड्यांनी किमान १० टक्के सावली धरली तर ती जागा वनाच्छादनात येते. त्याखालची झुडपांत जाते किंवा सरळ ‘वनेतर’ म्हणून बाजूला पडते. उत्तम कुरणाची किंमत या हिशेबात शून्य. दुसरीकडे राष्ट्रीय वन धोरणाने ३३ टक्के वनक्षेत्राचं उद्दिष्ट ठेवलेलं आहे आणि महाराष्ट्राचं वनाच्छादन साडेसोळा टक्क्यांच्या आसपास अडकलेलं आहे. मग उरलेलं कुठून भरायचं? बागायत शेतीला हात लावता येत नाही, शहराला तर नाहीच. राहतो माळ. इंग्रजांच्या काळात सारा न देणारी जमीन म्हणजे पडीक, असं ठरलं. स्वातंत्र्यानंतर १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ आलं, त्यानंतर पडीक जमिनींचे नकाशे निघाले, आणि त्या नकाशांत आपली कुरणं ‘सुधारायच्या’ जमिनी म्हणून रंगवली गेली. वाळवंटीकरणाविरोधातल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारांतर्गत भारताने स्वतःच दिलेल्या आकडेवारीनुसार २००५ ते २०१५ या दहा वर्षांत देशातलं ५६ लाख हेक्टरांहून अधिक गवताळ क्षेत्र कमी झालं. एवढं जंगल गेलं असतं तर देशभर आक्रोश झाला असता. कुरणांसाठी कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही.

‘पूर्वी इथे घनदाट अरण्य होतं, माणसाने तोडलं, म्हणून माळ झाला’ ही समजूत मी शिकलेल्या माणसांकडूनही वारंवार ऐकतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर किंवा कोकणाच्या उतारावर ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी खरी आहे. तिथे झाडं परत यायलाच हवीत आणि त्यासाठी वाटेल तितका खर्च करावा. पण तीन हजार मिलिमीटर पावसाच्या डोंगराला लागू पडणारा न्याय सहाशे मिलिमीटरच्या पठाराला लावता येत नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनं मराठी वाङ्मय, स्थानमाहात्म्यं, जात्यावरच्या ओव्या तपासून पश्चिम महाराष्ट्राच्या या पट्ट्यात शेकडो वर्षांपूर्वीही गवताळ माळ आणि विरळ काटेरी झाडंच होती असं दाखवून दिलं आहे. तसं पाहिलं तर यासाठी अभ्यासाचीही वाट बघायला नको होती. मराठ्यांच्या काळात पागेच्या घोड्यांसाठी कुरणं राखली जात. ती राखली जात कारण गवत ही राज्याची ताकद होती. जिच्यावर फौज पोसली जाई ती जमीन निरुपयोगी आहे असं त्या काळी कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

माळावर जे राहतात त्यांचं काय झालं हे नान्नजला जाऊन समजतं. सोलापूरजवळच्या या परिसरात १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं, ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावं, बाजारपेठा, शेतं, रस्ते, सगळंच आलं. लोकांचे जमिनीचे व्यवहार अडकले, राग वाढला, आणि अखेर क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. लोकांचा राग रास्त होता. पण कागदावर एवढं मोठं अभयारण्य असतानाच प्रत्यक्षात माळ कसा संपत गेला, ते बघा. उजनीचं पाणी आलं आणि माळाकडेचं कोरडवाहू शेत उसाखाली गेलं. विजेच्या तारा आल्या. उरलेल्या मोकळ्या तुकड्यांवर रोपवनं उभी राहिली. माळढोक हा मोठा, दूरवर बघून चालणारा पक्षी; नर तर १०-१५ किलोपर्यंत भरतो. उघड्या जमिनीवर वर्षाकाठी बहुधा एकच अंडं घालतो. त्याला चौफेर नजर पोहोचेल अशी जागा लागते आणि दाट झाडीत तो राहूच शकत नाही. आज देशभरात दीडशेच्या आसपास माळढोक उरले असावेत, बहुतेक सगळे राजस्थानात. महाराष्ट्रात एखादा दिसला तर बातमी होते.

माळढोकाचं नाव तरी झालं. माळटिटवी एप्रिलच्या उन्हात खड्यांमध्ये अंडी घालते, ती पायाखाली आली तरी दिसत नाहीत इतकी मातीशी मिळतीजुळती असतात. त्याच महिन्यांत तिथे जेसीबी फिरत असतो. धाविक, चंडोल, पखुर्ड्या या पक्ष्यांचंही सगळं आयुष्य भुईवर. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या ससाणे रात्री गवतातच मुक्काम करतात आणि दिवसा नाकतोडे, उंदीर टिपतात. चिंकारा आणि काळवीट यांच्यासाठी आपण काय राखलंय? सुप्याचं मयुरेश्वर अभयारण्य ५.१४ चौरस किलोमीटर आणि रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य २.१७ चौरस किलोमीटर. एखाद्या साखर कारखान्याला ऊस पुरवणारं क्षेत्र याच्या कितीतरी पट मोठं असतं.

लांडग्याची गोष्ट तर आणखी जिव्हारी लागते. वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण त्याला आहे आणि त्याची संख्या देशात तीन हजारांच्या आसपास मानली जाते, म्हणजे वाघांपेक्षाही कमी. त्याच्यासाठी व्याघ्रप्रकल्पासारखं काही नाही, कारण तो राहतो त्या जमिनीला आपण वन मानतच नाही. माळ तुटत गेला तसा तो उसात शिरला. गावाकडेच्या कचऱ्यावर पोसलेली भटकी कुत्री त्याच्या वाट्याला आली, आणि पुण्याजवळच्या माळांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्धही झालं आहे. जंगल न तोडता, बंदूक न उचलताही एखादा प्राणी असा आतून पुसला जाऊ शकतो.

आता माणसांकडे येतो, कारण माळाची सर्वात जुनी राखण माणसांनीच केली आहे. फलटण, माण, बारामती, इंदापूर भागातले धनगरांचे वाडे, म्हणजे एकत्र फिरणारी मेंढपाळ कुटुंबं, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघतात. कुणी कोकणात उतरतं, कुणी मराठवाड्याकडे जातं. वाटेत शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात. रात्री वागर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, लावायची, सकाळी रान लेंड्यांनी भरलेलं. त्याबदल्यात धान्य किंवा पैसे. युरियाच्या गोणीवर चालणाऱ्या शेतीतही ही देवाणघेवाण अजून टिकून आहे, कारण लेंडीखताने रान कसं सुधारतं हे शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. जूनमध्ये पावसाच्या तोंडावर हे वाडे माघारी येतात. कोकणातल्या चिखलात दख्खनी मेंढी टिकत नाही, तिचे खूर सडतात. पावसाळ्याचे चार महिने तिला घरचा माळच लागतो.

नेमक्या त्याच चार महिन्यांत माळावर लागवड होते आणि रोपवनाला चराईबंदी लागू होते, पुढची काही वर्षं. सात-आठ महिने चालून गावी परतलेल्या मेंढपाळाला कळतं की जिथे आजोबांपासून मेंढरं चरली तिथे आता तारेचं कुंपण आहे. आत शिरला तर दंड. तो कुणाकडे दाद मागणार? सातबारा त्याच्या नावाचा नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे, पण तो मिळवायला जे कागद आणि जो ठिय्या लागतो तो वर्षातले सात-आठ महिने वाटेवर असणाऱ्याने कुठून आणायचा? लांडग्याने मेंढी नेली तर भरपाईची तरतूद आहे, मात्र पंचनाम्याला माणूस येईपर्यंत वाडा दोन मुक्काम पुढे गेलेला असतो. तरीही लांडग्याचाही वाटा असतो म्हणणारे म्हातारे मेंढपाळ या भागात भेटतात. संवर्धनाच्या सगळ्या परिषदांतून मला एवढी मोठ्या मनाची भूमिका क्वचितच ऐकायला मिळाली आहे.

‘अतिचराईनेच माळ बोडके झाले’ असा आक्षेप येईल. काही ठिकाणी तो खरा आहे. पण त्याचं कारण तपासा. चरायची जागा निम्म्याहून कमी झाली आणि मेंढरं तेवढीच राहिली, तर उरलेल्या तुकड्यावर ताण येणारच. कुंपणं घालून ताण वाढवायचा आणि मग बोडक्या जमिनीकडे बोट दाखवून आणखी कुंपण घालायचं, हे चक्र अन्यायाचं आहे. शिवाय गवताला चराई मुळातूनच नको असते असं नाही. अजिबात न चरलेला, न कापलेला माळ वाळक्या गवताने गुदमरतो आणि एका ठिणगीत पेटतो. चराई किती आणि कधी हा प्रश्न आहे, आणि तो मेंढपाळांशी बसूनच सोडवावा लागेल.

याहून अवघड प्रश्न गायरानाचा आहे. मराठवाड्यात भूमिहीन दलित कुटुंबांनी गायरान जमिनी कसायला घेतल्या, त्यासाठी मार खाल्ला, पिकं जाळली गेलेली पाहिली, आणि दशकानुदशकं लढून काहींनी हक्क मिळवले. ज्या गावाने त्यांना एक गुंठा दिला नाही त्या गावातलं गायरान वाचवण्यासाठी त्यांनाच हुसकावा, असं म्हणण्याचा अधिकार मला नाही आणि कुणालाच नाही. माळ वाचवण्याची मागणी करताना हे पहिल्यांदा सांगितलं पाहिजे. गेल्या काही दशकांत गायरानं गेली ती प्रामुख्याने भूमिहीनांकडे नव्हे. औद्योगिक वसाहती, रस्ते, कचरा डेपो, धनदांडग्यांची अतिक्रमणं आणि लागवडी यांनी त्यांचा घास घेतला. आता त्यात सौर प्रकल्पांची भर पडते आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी ही मागणी शंभर टक्के योग्य आहे, रात्री साप-विंचवातून मोटर चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याचे हाल मी जाणतो. पण मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी उपकेंद्राजवळच्या सरकारी जमिनी शोधताना पहिलं बोट गायरानावर ठेवलं जातं, आणि एका मेगावॉटला चार-पाच एकर जागा जाते. कालव्यांचे काठ, सरकारी इमारतींची छपरं, औद्योगिक वसाहतींत वर्षानुवर्षं मोकळे पडलेले भूखंड यांचा हिशेब आधी मांडा. गायरान शेवटी.

करता येण्यासारखं बरंच आहे आणि त्यातलं काही सुरूही झालंय. पुण्याच्या वन विभागाने कडबनवाडी आणि शिरसुफळच्या माळांवर गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, म्हणजे सरकारी खात्यानेच माळाकडे बघण्यासारखं काही आहे हे मान्य केलं. ही सुरुवात मोलाची आहे. पण सफारीच्या तुकड्यापलीकडच्या माळावर तेच खातं खड्डे खोदत राहिलं तर उपयोग काय? राज्याने कुरण ही स्वतंत्र परिसंस्था म्हणून नोंदवावी आणि तिचा वेगळा नकाशा तयार करावा. वार्षिक ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस असलेल्या तालुक्यांत वृक्षलागवडीचं उद्दिष्ट रद्द करून त्याजागी गवत सुधारणेचं उद्दिष्ट द्यावं: स्थानिक गवताचं बी गोळा करणं, गिरिपुष्पाची जुनी रोपवनं टप्प्याटप्प्याने विरळ करणं, चराईच्या पाळ्या ठरवणं. भरपाई वनीकरणाचा निधी या कामाला वापरता यावा असे नियम बदलावेत. घाटात तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात सोलापूरच्या माळावर झाडं लावली की एका परिसंस्थेच्या नुकसानीत दुसरीची भर पडते, आणि कागदावर मात्र जमाखर्च जुळतो.

२०२६ हे संयुक्त राष्ट्रांनी गवताळ कुरणांचं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलेलं आहे. त्यानिमित्ताने परिसंवाद होतील, पुस्तिका निघतील. माझी मागणी त्याहून साधी आहे. गावच्या माळावर काय होणार, खड्डे, चर, कुंपण की सौर पट्ट्या, याचा प्रत्येक प्रस्ताव ग्रामसभेपुढे आलाच पाहिजे आणि तोही योग्य वेळी. आपल्याकडे ग्रामसभा होतात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला. जानेवारीत आणि मे महिन्यात मेंढपाळ कुटुंबं शेकडो मैल दूर असतात. म्हणून पुढच्या जुलैतल्या लागवडीचा विषय आदल्या वर्षीच्या १५ ऑगस्टच्या किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेतच ठेवावा, एरवी झालेला ठराव ग्राह्य धरू नये. हा बदल करायला नवा कायदा लागत नाही, ग्रामविकास आणि वन विभागाचं एक संयुक्त परिपत्रक पुरतं.